उसन्या पंख्यांचा वर्ग

संध्याकाळचे पाच वाजले की मला अजूनही वाटतं, उशीर झाला. हातात चहाचा कप असतो, घाई कसलीच नसते, तरी जीव वरखाली होतो. माझा वर्ग आता माझ्याच एका विद्यार्थिनीच्या हातात आहे, ती माझ्यापेक्षा बरा चालवते, तरी पाचच्या सुमाराला माझे पाय चप्पल शोधतात. मुलगी म्हणते, "आई, तू आता रिटायर झाली, बस न चूपचाप." बसते बापा. पण बसून आठवतच राहते.

कामठी रोडला लागून आमची वस्ती. वस्तीत विहार आणि विहाराच्या मागे एक खोली. खोली कसली, सामानाची कोठी होती ती. जयंतीच्या मिरवणुकीचे झेंडे, मोडक्या खुर्च्या, भात शिजवायचा एक एवढा मोठा गंज. मी विहाराच्या समितीला म्हटलं, मला रोज पाच ते साडेसात ही खोली द्या, शाळा सुटल्यावर पोरांना घेऊन बसते. त्यांनी दिली, पण गंज हलवायचा नाही या अटीवर. म्हणून आमचा वर्ग त्या गंजाच्या भोवती बसायचा आणि जो जास्त मस्ती करेल त्याला मी गंजात उतरवायची. शिक्षा म्हणून. पण आत आवाज घुमतो हे पोट्ट्यांना कळलं आणि मग रोज कोणी ना कोणी मुद्दाम मस्ती करून आत उतरायचं आणि आतून पाढे म्हणायचं.

तेव्हा आमच्याकडे शाळा सुटली की पोट्टे सुटायचे. नाल्यावर, रेल्वेच्या रुळांवर, कोणाच्याही गच्चीवर. आया कामावरून यायच्या सातला. कोणी बंगल्यांतून धुणीभांडी करून, कोणी लकडगंजच्या गोदामांतून धान्य निवडून. तोवर पोरांचं कोण पाहणार? मोठ्या पोरी धाकट्यांना कडेवर घेऊन दारात बसून राहायच्या. माझं बी.एड. झालेलं, नोकरी कुठंच नाही. घरी बसून डोकं फिरायची वेळ आली होती. म्हणून सुरू केला वर्ग. समाजसेवा वगैरे म्हणू नका, मला राग येतो. मला शिकवायची खाज होती, एवढंच.

पोरं घरून सिमेंटची रिकामी पोती आणायची, झटकून त्यावर बसायची. भिंतीवर मी स्वतः काळा रंग मारून फळा केला होता. एक बल्ब. उन्हाळ्यात ती खोली अशी तापायची की पोरं एका हातानं लिहायची आणि दुसऱ्या हातानं वहीनं वारा घ्यायची. तरी यायची. एक पोरगी लहान भावाला मांडीवर झोपवून अपूर्णांक सोडवायची. त्याची लाळ तिच्या वहीवर पडायची आणि ती ओढणीनं पुसून पुढचं गणित मांडायची. मला ती वही अजून दिसते. किती चांगले दिवस होते! चांगले म्हणजे सोयीचे नाही हो, सोय काडीची नव्हती. पण त्या खोलीत शिरलं की मी कोणीतरी असायची.

अडचण एकच. वर्गाचे पैसे कोणाकडून घ्यायचे? कोणी महिन्याला पन्नास द्यायचं, कोणी वांगी आणून द्यायचं. माझा नवरा कामठी रोडवर शेअर ऑटो चालवायचा. माणूस भला, पण त्याचंही गणित होतंच ना. एक दिवस म्हणाला, "अवं, मी तुह्या वर्गाच्या आड नाही येऊन राहिलो. पण आपल्या पोरीच्या शाळेची फी काय बे एके बे म्हणून भरायची?" त्यानं लकडगंजमध्ये एका धान्याच्या ठोक दुकानात माझ्यासाठी बोलून ठेवलं होतं. बिलं लिहायची, सकाळी अकरा ते रात्री आठ. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा. तोवर वर्गातून घरात काही आलं तर ठीक, नाही तर मी निमूट दुकानात जाईन. शब्द दिला होता मी.

त्याच दिवसांत एका ओळखीच्या बाईनं एक फॉर्म आणून दिला. एक संस्था होती, तिच्याकडून लहान लहान ग्रँट मिळायच्या. दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या ज्या बाया स्वतःच्या हिमतीवर असे शाळेनंतरचे वर्ग चालवतात, त्यांच्यासाठी. फॉर्मवर पहिलीच ओळ होती, "उद्योजिकेचे नाव". मी इतकी हसले! नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "मंग? उद्योग तं तू करूनच राहिली न रोज." पुढं विचारलं होतं, वर्गाची गरज काय. मी काही लपवलं नाही. पंखा नाही, बल्ब एक, बसायला पोती, पुस्तकं नाहीत, प्यायला पाणी नाही, असं सगळं लिहिलं. आणि खाली, एका वर्षाचं माझं मानधन. ते मानधन मिळालं असतं तर मला दुकानात जायची गरज नव्हती. ग्रँट आली तर वर्ग, नाही तर लकडगंज. मधलं काही नव्हतं आणि हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मीच सांगत सुटले होते.

दसरा होऊन चार दिवस झाले असतील, तेव्हा संस्थेचा फोन आला. उद्या पाच वाजता आमच्या मॅडम वर्ग बघायला येतील. मी नळावर जाऊन सांगितलं, बायांनो, उद्या पोरांना वेळेवर पाठवा, पाहुण्या येणार आहेत. झालं. मला तिथंच गप्प बसायला पाहिजे होतं.

आमच्या वस्तीत दसऱ्याचे दिवस म्हणजे काय असतात ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. दीक्षाभूमीवर कुठून कुठून लोक येतात आणि आमच्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी उतरतं. ओळखीचंच असावं लागतं असं नाही. सतरंज्या बाहेर निघतात, पाण्याचे ड्रम भरले जातात, स्वतः जमिनीवर झोपून पाहुण्याला पलंग देतात. त्या दिवसांत पाहुणा हा शब्द ऐकला की आमच्या बायांच्या अंगात येतं. सामान अजून माळ्यावर गेलेलं नव्हतं. आणि त्यात मी म्हटलं, पाहुण्या येणार आहेत.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी फॉर्मच्या झेरॉक्स काढायला गेले होते. साडेचारला परत आले तर खोली ओळखू येईना. गंज गायब! समितीला न विचारता तो मागच्या मोरीत उभा करून टाकला होता. खाली दोन रंगीत सतरंज्या, एका कोपऱ्यात पाण्याचा फिल्टर, भिंतीवर घड्याळ, टेबलावर कशिदा काढलेला कपडा, सहा खुर्च्या, दोन ट्यूबलाइट. छताला पंखा लावायला जागा नव्हती म्हणून दोन टेबल पंखे दोन बाजूंना स्टुलावर ठेवलेले आणि दोन्ही गरगर फिरत होते. पोरांना अंघोळी घालून, तेल लावून, पांढरे कपडे घालून ओळीनं बसवलेलं. एकही पोट्टं हलत नव्हतं. मला वाटलं मी दुसऱ्याच कोणाच्या वर्गात आले.

या सगळ्याच्या मधोमध मोठीमाय उभी होती, कमरेला पदर खोचून. मोठीमाय आमच्या कोणाचीच नात्यातली नव्हती, पण गल्ली तिला मोठीमायच म्हणायची. साठी उलटलेली. सारा जन्म लकडगंजच्या एका गोदामात मिरच्यांची देठं खुडण्यात गेलेला. पोरंबाळं नव्हती, नवरा कधीच गेलेला, घरात एकटी. आणि बोलायला अशी फटकळ की समितीचे लोकसुद्धा तिला वळसा घालून जायचे. दोन पंख्यांतला नवा कोरा पंखा तिचा होता. स्वतःसाठी घेतलेली ती बहुधा तिची पहिली वस्तू असेल.

"पाह्य वं मास्तरीणबाई," ती म्हणाली, "कशी दिसून राहिली तुही शाळा!"

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फॉर्ममध्ये मी काय लिहिलं आहे ते मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण ती खोली इतकी सुंदर दिसत होती आणि त्या बाया माझ्याकडं अशा पाहत होत्या, की काढा हे सगळं, असं म्हणायला माझी जीभच वळली नाही. मी म्हटलं, मस्त.

मॅडम पाच वाजता आल्या. पस्तिशीच्या असतील, घामानं ओल्या झालेल्या, बोलायला गोड. पोरांनी उभं राहून एका सुरात "जय भीम मॅडम" केलं. त्यांच्यासमोर तर्रीपोहे आले, चहा आला, संत्राबर्फी आली. तर्रीनं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तर मोठीमाय त्यांच्यावर पंखा फिरवून म्हणाली, "घ्या वारा, लाजू नका." मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं, मग हातातला माझा फॉर्म उघडला.

"यात तर 'पंखा नाही' असं लिहिलंय."

दारात सगळ्या बाया उभ्या होत्या. कामावरून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आलेल्या. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "हो, तेव्हा नव्हता. आता वस्तीनं वर्गणी करून घेतला."

"आणि हा फिल्टर, या सतरंज्या?"

"हे पण. आमचंच आहे सगळं."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. म्हणाल्या, तुमच्या वस्तीचं कौतुक वाटतं. त्या गेल्यावर बाया असल्या खूश! एक म्हणाली, "दिपली वं मॅडम, पाह्यलं न कशी दिपली!" मीही हसत होते. इतकं चांगलं पाहून कोणी नाही कसं म्हणेल, असं मी स्वतःला समजावलं. मी शिकलेली बाई. मला एवढी अक्कल नसावी!

दिवाळीला आठ दिवस राहिले होते तेव्हा पत्र आलं. भाषा फार सभ्य होती. आपल्या वस्तीने स्वबळावर उभ्या केलेल्या सुविधा प्रेरणादायी आहेत. मात्र आमच्याकडील निधी मर्यादित असल्याने ज्या वर्गांची गरज अधिक आहे त्यांना प्राधान्य देण्यात येत आहे. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि तशीच नळावर गेले. रागानं माझ्या कानातून वाफा निघत होत्या.

आता जे बोलले ते लिहायची मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "झालं तुमचं समाधान? दाखवला न मोठेपणा? आता बसा तुमचे पंखे घेऊन. चार पैशाची मदत मागायला तुमच्या नाकाला मिरच्या झोंबतात आणि त्याच्यापायी माझा वर्ग बुडाला." बादल्या भरून वाहत होत्या, नळ कोणी बंद करेना. मोठीमाय म्हणाली, "पाहुणीले फाटकं कसं दाखवाव वं? नाही जमत मले." तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, पण ते मला नंतर आठवलं. तेव्हा मी तिच्यावरच घसरले. "तुले काय जाते? तुह्या घरी ना पोट्टं ना सोट्टं. एकदा कोणासमोर हात पसरून पाह्य, मंग समजन मागणं काय असते ते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग बादली उचलली आणि गेली. अर्धी बादली रस्त्यात सांडली.

मी सांगितलं होतं ना, मधलं काही नव्हतं. त्याच संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, दुकानवाल्याला कळवा, मी एक तारखेपासून येते. तो उठून ऑटो पुसायला गेला. बोलला असता तर बरं झालं असतं. वर्गात पोरांना सांगताना मी फळ्याकडं तोंड करून सांगितलं. खोलीत पुन्हा पोती होती, एक बल्ब होता, गंज आपल्या जागी आला होता. एका पोट्ट्यानं विचारलं, "ताई, मंग आम्ही पाच वाजता कुठी जायचं?" मी म्हटलं, पाढे लिहा.

तीन दिवसांनी, दुपारी बाराच्या सुमाराला, मला फोन आला. त्याच मॅडमचा. आवाज असा की हसावं की रडावं हे त्यांनाच कळत नसावं.

"ताई, तुमच्याकडच्या सात बायका आमच्या ऑफिसमध्ये आल्या आहेत. सोबत एक पंखा आहे. आणि सतरंजी. तुम्ही येता का?"

मी नवऱ्याला फोन केला, त्यानं सवाऱ्या मधेच उतरवल्या आणि मला घेऊन सिव्हिल लाइन्सकडं ऑटो हाणला. मला भीती वाटत होती की बाया तिथं जाऊन भांडण करतील. मोठीमायचं तोंड मला माहीत होतं. मॅडमना काहीबाही बोलली तर पुढच्या वर्षीचीही आशा संपली.

ऑफिस थंडगार होतं, एसी लावलेला. खुर्च्या रिकाम्या होत्या आणि आमच्या बाया फरशीवर बसल्या होत्या, दिवाळीच्या आधीच नेसलेल्या चांगल्या लुगड्यांत. सतरंजीची गुंडाळी एकीच्या मांडीवर. टेबलावर, कागदांच्या मध्ये, मोठीमायचा पंखा. ती एकटी उभी होती. मी दारातच थांबले, कारण ती बोलत होती.

"हा पंखा माह्या घरचा होय, मॅडम. ते फिल्टर हिच्या घरचं. घड्याळ तिच्या पोरीच्या लग्नातलं. वर्गात यातलं काही नाही. पोट्टे पोत्यावर बसतात. मास्तरीण खोटं नाही बोलली, आम्ही तिले बोलाले लावलं. तिची काही गलती नाही."

मॅडमचा चेहरा कसनुसा झाला. म्हणाल्या, "आजी, मला कळतंय. पण यादी वर गेली. आता माझ्या हातात नाही."

मोठीमायनं डोक्यावरचा पदर नीट केला, दोन पावलं पुढं झाली आणि तिनं हात पुढं केला. उजवा, तळवा वर. मिरच्यांनी भाजून भाजून त्या तळहाताची कातडी तांबडी, गुळगुळीत झाली होती, रेघा अशा दिसतच नव्हत्या.

"देऊन टाक वं माय," ती म्हणाली. "मांगून राहिली मी."

खाली बसलेल्या बायांनी माना फिरवल्या. एकीनंही तिच्याकडं पाहिलं नाही. मी धावले. तो हात मी धरला आणि खाली ओढला, इतक्या जोरानं की तिच्या काकणाची एक कड माझ्या बोटाला लागली. मी म्हटलं, "नको. मोठीमाय, नको. चाल घरी. नाही पाहिजे आपल्याला." ती म्हणाली, "थांब वं, बोलून राहिली न मी," आणि पुन्हा हात वर करायला लागली. मी तो सोडला नाही. आम्ही दोघी त्या टेबलासमोर एका हातासाठी झटापट करत होतो आणि मी मोठ्यानं रडत होते.

मॅडम उठून टेबलाच्या अलीकडं आल्या. त्यांनी मोठीमायला धरून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि मग मला म्हणाल्या, "मी उद्या येते. पण या वेळी काही सजवू नका, खोली आहे तशी ठेवा. मी पुन्हा लिहून देते. होईल की नाही सांगता येत नाही."

पुढचं सांगूनच टाकते, उगीच कशाला ताणू. त्या आल्या, पोत्यावर बसल्या, गंजात वाकून पाहिलं. दुसऱ्या यादीत आमचं नाव लागलं. दिवाळी झाल्यावर पैसे आले आणि मी लकडगंजला गेले नाही. पुढं नऊ वर्षं मी तो वर्ग चालवला. ग्रँट एकाच वर्षाची होती, पण त्या वर्षात आसपासच्या दोन शाळांनी आम्हाला ओळखलं, पुस्तकं आली, मग कोणी ना कोणी हात लावत गेलं. भावाला मांडीवर घेऊन बसणारी ती पोरगी आज नर्स आहे. आता जी वर्ग चालवते ती गंजात सगळ्यात जास्त वेळा उतरलेली. लोक मला विचारतात, कसं उभं केलं हे सगळं, आणि कार्यक्रमात माईक हातात देतात. मी पंख्याची गोष्ट सांगते, गमतीत. सगळे हसतात. सात बाया ऑटोतून पंखा घेऊन निघाल्या, इथवर सांगते. त्यापुढचं कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी ऑफिसमधून निघालो तेव्हा बाकीच्या बाया बसनं गेल्या. त्यांना परत कामावर जायचं होतं. मोठीमायला आम्ही आमच्या ऑटोत घेतलं. नवरा पुढं, आम्ही दोघी मागं, पंखा तिच्या मांडीवर. ती बाहेर पाहत होती. नळावर जे बोलले ते परत घेता येत नाही, हे मला त्या ऑटोत बसून कळत होतं. शेवटी कसंबसं म्हटलं, "मोठीमाय, मी रागात बोलले. तू काहून केलं असं?"

"तूच म्हटलं न, एकदा पसरून पाह्य म्हून." ती रागावलेली नव्हती. साधंच सांगत होती.

मग म्हणाली, त्यांचं गाव खाप्याकडचं. ती एवढीशी होती तेव्हा तिचा बाप रोज संध्याकाळी टोपली घेऊन गावात भाकरी मागायला जायचा. तोच हक्क आणि तेच काम, पिढ्यान्‌पिढ्या. कधी कधी तिला सोबत न्यायचा. वरून भाकर टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून, आणि खाली पडली तर उचलून घ्यायची. मग तो पायी नागपूरला आला, दीक्षा घेतली, परत गेला आणि ती टोपली त्यानं अंगणात जाळली. दोन दिवस घरात चूल पेटली नाही. पोरं भुकेनं रडत होती तर त्यानं सगळ्यांना ओळीत बसवलं आणि एकेकाचे हात आपल्या हातात घेऊन सांगितलं, आजपासून हा हात कोणासमोर पसरायचा नाही, मेलं तरी चालन. नंतर ते सगळे शहरात आले. बाप लकडगंजला हमाल झाला. ती आठ वर्षांची असताना मिरच्या खुडायला बसली.

"तवापासून नाही पसरला वं," ती म्हणाली. "नवरा मेला तवा नाही, हात सुजले तवा नाही. मालकालेही कधी उचल नाही मांगितली."

नवऱ्यानं ऑटोचा वेग कमी केला होता. तो ऐकत होता, आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. मी मोठीमायचा हात हातात घेतला, तर तिनं तो सोडवून पुन्हा पंख्यावर ठेवला. कामठी रोड आला, आमची वस्ती आली. घरासमोर उतरताना तिनं पंखा आधी माझ्याकडं दिला, मग खाली पाय टेकवला, मग दाराची कडी काढायला गेली. कडी धरून थांबली.

"एक सांगू तुले?" ती मागं न पाहता म्हणाली. "माह्या बापाले नको सांगू."

तिचा बाप जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, नाही सांगत.